कवीला शालीऐवजी काम द्या

आपल्याकडे राष्ट्रकवी म्हटले की शाल, श्रीफळ आणि मानपत्रच डोळ्यांसमोर येते. शेजारच्या कर्नाटकात कुवेंपु यांना १९६४ मध्ये आणि जी. एस. शिवरुद्रप्पा यांना २००६ मध्ये ही पदवी मिळाली. पदवी मानाची होती आणि ती योग्य माणसांकडेच गेली, याविषयी वाद नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की अशा कवीला सरकारने मुदत आणि काम नेमून द्यावे.

अमेरिकेत राष्ट्रकवीची निवड तेथील संसदेच्या ग्रंथालयाचे प्रमुख करतात आणि दिनविशेषांवर कविता लिहिण्याची सक्ती त्याच्यावर नसते. बिली कॉलिन्स यांनी या पदावर असताना शाळेच्या दिवसांइतक्या, म्हणजे १८० कविता निवडल्या आणि रोज एक कविता मुलांना नुसती ऐकवावी, त्यावर प्रश्न विचारू नयेत, असे सुचवले. रसग्रहणाच्या गुणांसाठी कविता पाठ केलेल्या आपल्या पिढ्यांना यातले मोठेपण निराळे सांगावे लागणार नाही. पुढे टेड कूसर यांनी २००५ पासून वृत्तपत्रांना दर आठवड्याला एक छोटी कविता, चार ओळींच्या प्रस्तावनेसह, विनामूल्य पुरवली. (या गृहस्थांनी अनेक वर्षे विमा कंपनीत नोकरी केली होती, हे मला फार आवडते.)

सरकारी कवी म्हणजे भाट, हा आक्षेप खोटा नाही. पण वर्ड्‌स्वर्थ यांनी १८४३ मध्ये ब्रिटनचे राजकवीपद स्वीकारले तेच मुळी कोणतीही कविता मागितली जाणार नाही या आश्वासनावर, आणि पदाला साजेशी एकही कविता त्यांनी स्वतः लिहिली नाही. तेथे १९९९ पासून हे पद दहा वर्षांच्या मुदतीचे झाले आहे.

देशाचे राहू द्या, सोलापूरने नगरकवी नेमावा. ज्या गावाचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर स्वतः बाराव्या शतकातले कन्नड वचनकार, म्हणजे भक्तिपर वचने रचणारे कवी आहेत आणि ज्या गावाने लावणीला राम जोशी दिला, त्याला यासाठी कोणाची परवानगी लागू नये. मुदत दोन वर्षांची असावी, निवड नगरसेवकांऐवजी ग्रंथपाल आणि शिक्षकांनी करावी, सत्कार एकही नसावा. काम मात्र शाळांत, वाचनालयांत आणि सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत कविता पोहोचवण्याचे असावे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या भाषांनी आळीपाळीने कवी द्यावा. पहिली पाळी कोणाची यावर भांडण होईलच. माझे मत तेलुगूला आहे, कारण शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू भाषिक विणकर वस्तीत आमची मराठी कविसंमेलने सहसा जातच नाहीत.