शून्यापासून शिका म्हणे!

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला 'पायथन शून्यापासून' म्हणून व्हिडिओ लावावा, तर आधी सबस्क्राइब करा, बेल दाबा. मग साहेब प्रिंट (स्क्रीनवर मजकूर दाखवायची आज्ञा) लिहितात, तेही कंसाशिवाय! आपण तसंच टाइप केलं की सिंटॅक्स एरर, म्हणजे लिहिण्याचा नियम चुकला. अहो, कंस सक्तीचा करणारं पायथन ३ आलं २००८ मध्ये, जुन्या पायथन २ चा सपोर्ट २०२० ला संपला, तरी तुमचं तेच दळण? कॉलेजच्या नोट्समध्ये तर सी++ या दुसऱ्या भाषेच्या जुन्या कंपायलरची (कोड चालवण्याजोगा करणाऱ्या प्रोग्रामची), टर्बो सी++ ची, निळी स्क्रीन अजून ठाण मांडून बसलीये. सी++ चं पहिलं प्रमाणीकरण १९९८ चं, हा कंपायलर त्याच्याही आधीचा! आणि जे बरं शिकवतात, ते लूपपर्यंत (तेच काम पुन्हापुन्हा करवून घेणं, म्हणजे अगदी प्राथमिक धडा) बोट धरून नेतात आणि एकदम 'चला, मशीन लर्निंग करूया'. मधलं कोण शिकवणार, तुमचा काका? मराठीत शोधावं, तर प्लेलिस्ट तिसऱ्या भागावरच गुंडाळलेली.