खुलासा : प्रोरेसमध्ये बदलून ग्रीन स्क्रीनची किनार सुधारत नाही

‘मोबाइलचं फुटेज आधी प्रोरेस ४४४४ मध्ये कन्व्हर्ट करा, मग की एकदम स्वच्छ निघते’ हा मेसेज सध्या एडिटिंगच्या ग्रुपांवर फिरतोय. मागच्या वर्षी तो सल्ला मीही दिला होता. चुकीचा होता. (प्रोरेस ४४४४ म्हणजे रंगाची पूर्ण माहिती ठेवू शकणारा, मोठ्या फाइलींचा व्हिडिओ फॉरमॅट; आणि ‘की’ करणं म्हणजे एडिटिंगमध्ये माणसामागचा हिरवा पडदा काढून टाकणं.)

मोबाइल आणि बहुतेक साधे कॅमेरे ४:२:० या पद्धतीने रेकॉर्ड करतात. उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची, पण रंगाची चार पिक्सेलांत मिळून एकच. म्हणजे १९२०×१०८० च्या चित्रात रंग फक्त ९६०×५४०. आणि की तर हिरव्या रंगावरच चालते! केसांभोवतीच्या पायऱ्या तिथूनच येतात. जो रंग रेकॉर्डच झाला नाही, तो नंतर फाइल मोठी करून कुठून येणार? एकाच शॉटच्या दोन्ही फाइली शेजारी ठेवून की केली, किनार तशीच. एडिटिंग मात्र हलकं चालतं, तेवढा फायदा खरा.

खरा उपाय शूटिंगच्या वेळी. फोर-के मध्ये शूट करून एचडी टाइमलाइनवर आणा. ३८४०×२१६० मधला रंग १९२०×१०८० असतो, म्हणजे एचडीच्या प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग. कॅमेऱ्यातलं शार्पनिंग कमी करा, पडद्यावर उजेड सारखा ठेवा, माणूस पडद्यापासून लांब उभा करा. फुटेज आधीच हातात असेल तर कीच्या आधी फक्त रंगाचे चॅनेल किंचित ब्लर करा, उजेडाच्या चॅनेलला हात लावू नका.

तो मेसेज आणि माझी जुनी पोस्ट, दोन्ही कृपया पुढे पाठवू नका.