‘दर उन्हाळ्यात गॅस भरा’ या सल्ल्याने ट्रकचा एसी मरतो

उन्हाळा लागला की ट्रकवाल्यांच्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज हमखास फिरतो. थोडक्यात असा: एसी थंड करत नाही म्हणजे गॅस संपला, जुन्या गाडीत तो दरवर्षी भरावाच लागतो, कॅन आणा, इंजिन चालू ठेवून लो साइडला (कमी दाबाच्या नळीला) लावा, उलटा धरा म्हणजे पटकन जाईल, पैसे वाचवायचे तर स्वयंपाकाचा गॅसही चालतो. यातला एकही सल्ला धड नाही आणि शेवटचा तर जिवावर बेतणारा आहे.

आधी ‘गॅस संपला’. एसीतला गॅस डिझेलसारखा जळत नाही, तोच तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. ट्रकचा कंप्रेसर (गॅस दाबणारा पंप) इंजिनच्या पट्ट्यावर चालतो, शाफ्टला सील असतं, होस रबरी असतात. त्यामुळे घरच्या फ्रिजपेक्षा इथे थोडा गॅस निसटतो, हे मान्य. पण ते हळूहळू, काही वर्षांत. होळीला भरलेला गॅस गणपतीपर्यंत टिकत नसेल तर लीकेज आहे आणि ते शोधायलाच हवं. कंप्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं. म्हणून जिथे गळतं तिथे तेलकट डाग पडतो, त्यावर रस्त्याची धूळ बसून काळा थर जमतो. टॉर्च मारून ओ-रिंग (जोडातली रबरी रिंग), कंडेन्सरचे (गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीचे) जोड, शाफ्टचं सील बघा, साबणाचं पाणी लावा. कूलिंग कॉइल डॅशबोर्डमागे असते. तिच्यासाठी नायट्रोजन भरून प्रेशर टिकतंय का ते पाहावं लागतं. लीकेज तसंच ठेवून नुसता गॅस भरत गेलात, तर तेल दरवेळी थोडं थोडं जातं आणि एक दिवस कंप्रेसर जाम होतो.

दुसरं, थंड न होण्याला गॅस हे एकच कारण नसतं. हायवेवर गारेगार आणि ठाण्यात घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये गरम, असं होत असेल तर कंडेन्सर धुळीने भरलाय किंवा त्याचा फॅन फिरत नाही. तिथे हाय साइडचं (जास्त दाबाच्या नळीचं) प्रेशर आधीच चढलेलं असतं, वर आणखी गॅस म्हणजे आणखी त्रास. कंप्रेसरला पट्ट्याशी जोडणारा एसीचा क्लच ओढतच नसेल तर आधी फ्यूज, रिले, 24 व्होल्टची कॉइल तपासा. थोडा वेळ थंड, मग एकदम बंद, गाडी थांबवून पुन्हा सुरू केली की परत थंड, हा बहुतेक वेळा आत शिरलेल्या ओलाव्याचा खेळ असतो. गॅस बारीक छिद्रातून सोडणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये बर्फ धरतो. मुंबईच्या दमट हवेत उघडी राहिलेली लाइन ओलावा लगेच घेते. त्याला ओलावा शोषणारा ड्रायर बदलून निदान अर्धा तास व्हॅक्यूम (पंपाने नळ्यांतली हवा आणि ओलावा ओढून काढणं) लागतो, आणि कॅनवाला व्हॅक्यूम करतच नाही.

‘इंजिन बंद असताना प्रेशरचा मीटर 95 दाखवतो, म्हणजे गॅस फुल’ हेही ऐकू येतं. 30 अंशांना आर-134ए या गॅसचं स्वतःचं प्रेशरच साधारण 97 पीएसआय (दाबाचं एकक) असतं. आत थोडा जरी द्रव शिल्लक असेल तरी काटा तिथेच थांबतो, मग गॅस 200 ग्रॅम असो वा 800. गाडी चालू ठेवून लो आणि हाय दोन्ही बाजू वाचायच्या आणि भरायचा तो वजन करून. नव्याने बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांना 2025 मध्ये एसी केबिन सक्तीची झाली. त्याआधीच्या कितीतरी गाड्यांत किट बाहेरून बसवलेलं असतं. त्यावर गॅसच्या वजनाचं स्टिकर नसेल तर किट बसवणाऱ्याकडून आकडा लिहून घ्या.

कॅन उलटा धरला की गॅस द्रवरूपात कंप्रेसरमध्ये जातो. द्रव दाबला जात नाही, व्हॉल्व्ह तुटतात.

स्वयंपाकाच्या गॅसबद्दल मात्र हात जोडून सांगतो. तो थंड करतो, हे खरं. म्हणूनच लोक फसतात. पण कूलिंग कॉइल फुटली तर ब्लोअर तो थेट केबिनमध्ये फेकतो. हवेत दोनेक टक्के झाला तरी पेट घेतो. काचा बंद करून ड्रायव्हर आणि क्लीनर तिथेच झोपतात, तिथेच बिडी पेटवतात. ज्याच्या गाडीत तो भरलाय त्याने एसी लावूच नये आणि गेज (प्रेशरचा मीटर) जोडायच्या आधीच मेकॅनिकला तसं स्पष्ट सांगावं, म्हणजे तो गाडी मोकळ्या जागेत घेऊन, आग दूर ठेवूनच हात लावेल.