३१६ मागितलं तर ३१६च द्या ना!

"स्टेनलेस म्हणजे स्टेनलेस हो, त्यात काय एवढं!" नाशिकच्या हार्डवेअरच्या दुकानात ३१६ जातीचं स्टेनलेस स्टील मागितल्यावर हे वाक्य पुन्हा ऐकलं की डोक्याची शीर उडते. अहो, जे नवरा-बायको शिडाच्या बोटीवर संसार थाटून बेटाबेटांतून हिंडतायत, त्यांच्या बोटीचं सामान आहे ते. गंगापूर रोडच्या बंगल्याचं रेलिंग नाही! तिकडे बेटावर नारळ मिळेल, शॅकल (दोर-साखळ्या जोडायची कडी) मिळणार नाही. म्हणून तर यादी नाशिकला येते आणि इथून कुणाच्या तरी बॅगेतून जाते.

३०४ या दुसऱ्या जातीत साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. ३१६मध्ये निकेल थोडं जास्त आणि वर २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम. एवढ्याशा मॉलिब्डेनमवर सगळा खेळ आहे. समुद्राच्या पाण्यातलं क्लोराइड स्टीलवरचा संरक्षक थर फोडतं आणि मॉलिब्डेनम त्याला अडवतं. ३०४वर बघता बघता चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग पडतात. डागांचं जाऊ द्या, ते पुसता येतात. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारेचं खालचं टोक जिथे दाबून बसवलेलं असतं, तिथल्या फटीत खारं पाणी मुरतं, ऑक्सिजन पोचत नाही, थर पुन्हा धरत नाही. वरून चकचकीत, आतून पोखरलेलं. अशा फटीत ३१६सुद्धा गंजतं, मग ३०४ काय टिकणार, कपाळ? आणि ती तार तुटली की डोलकाठी आडवी.

वर लोहचुंबक लावून दाखवतात. "बघा, चिकटत नाही, ओरिजिनल आहे!" अरे बाबा, चुंबक ३०४लाही चिकटत नाही आणि ३१६लाही नाही. २०२ या स्वस्त जातीलासुद्धा नाही! त्याने काय कप्पाळ कळणार? मॉलिब्डेनम ओळखणारे थेंब मिळतात, ते टाकून बघा. नाहीतर एमआयडीसीतल्या लॅबमध्ये धातूतले घटक ओळखणाऱ्या एक्स-रे गनने तपासून घ्या, काही सेकंदांचं काम. बोल्टच्या डोक्यावर ए४-७० असा शिक्का हवा. ए२ असेल तर ते ३०४च्या जातीचं, परत करा.

वेल्डिंगवाल्यांची तर वेगळीच तऱ्हा. सकाळी लोखंडी गेट घासलेली चकती दुपारी स्टेनलेसच्या नळीवर! लोखंडाचे कण त्यात रुतून बसतात आणि खारा वारा लागला की तिथूनच गंज. चकती वेगळी, ब्रश स्टेनलेसचा, माल ३१६एल (कमी कार्बनचं ३१६) आणि जोडावरचा निळा-जांभळा रंग पिकलिंग पेस्टने, म्हणजे आम्लाच्या लेपाने, काढलेला, एवढं तरी करा. "रंग छान दिसतो की, राहू द्या" काय म्हणता! तो रंग म्हणजे तिथला थर बिघडल्याची खूण आहे.

आणि पितळ. भांडी बाजाराच्या गावात पितळेबद्दल वाकडं बोलायला जीभ रेटत नाही, पण बोटीच्या तळातल्या व्हॉल्व्हला पितळ? खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं आणि मागे गुलाबी, ठिसूळ तांबं उरतं. हाताने फिरवायला जावं तर दांडा हातात. तळाला दीड इंचाचं भोक, पाण्याखाली दोन फूट, की मिनिटाला शंभर लिटरच्या वर पाणी आत. तिथे ब्रॉन्झ लागतं, साहेब, ब्रॉन्झ! (आणि शेजारी दोरीने बांधलेली लाकडी खुंटी. ती मात्र नाशिकचा कुठलाही सुतार नीट घडवून देतो, त्याच्याबद्दल काही तक्रार नाही.)

"पक्कं बिल पाहिजे का?" असं उपकार केल्यासारखं विचारतात. बिल तर द्यालच, पण आधी मिलचं टेस्ट सर्टिफिकेट दाखवा, आणि त्यावरचा हीट नंबर, म्हणजे स्टील ज्या घाण्यात वितळवलं त्याचा क्रमांक, याच रॉडवर कुठे कोरलाय तेही दाखवा. काय म्हणालात? पुसला गेला?