जिराफ अजून पाहायचा राहिलाय

मागच्या रविवारी राणीच्या बागेत भाच्याने एक प्रश्न विचारला, तो अजून डोक्यातून जात नाहीये. पेंग्विन बघून झाले होते, पाणघोड्यापाशी पाय दुखेपर्यंत उभं राहून झालं होतं. निघताना म्हणाला, "मावशी, जिराफ कुठेय?" म्हटलं, इथे नाही रे. "मग तू कुठे बघितलास?" म्हटलं, कुठेच नाही. तो चालता चालता थांबला. जी मावशी रेल्वेच्या खिडकीतून बगळा कुठला आणि करकोचा कुठला ते सांगते, तिने जिराफ बघितला नाही, हे त्याला पटेचना.

पण खरंच नाही बघितला. पंचेचाळिशी गाठली, जन्म ठाण्यातला, चार दिवसांची सुट्टी मिळाली की मी आधी त्या गावात प्राणिसंग्रहालय आहे का ते बघते. तरीही जिराफ नाही, झेब्रा नाही, कांगारू नाही. दुर्मीळ काही नाही यात. बालवाडीच्या भिंतीवरच्या तक्त्यातले प्राणी आहेत हे. जगातल्या कितीतरी शहरांतल्या पोरांनी शाळेत जायच्या आधीच ते पाहिलेले असतात.

आता आपल्या पोरांनी काय पाहिलंय ते बघा. २०१६ साली सोलहून हम्बोल्ट पेंग्विन भायखळ्यात आले, २०१७ मध्ये लोकांसाठी खुले झाले. तेव्हापासून कळव्या-मुंब्र्याच्या पोराला पेंग्विन म्हणजे लोकलने जाऊन संध्याकाळी घरी परत यायची गोष्ट. आणि रोहित, म्हणजे फ्लेमिंगो? बाहेरच्या कितीतरी शहरांत रोहित म्हणजे प्राणिसंग्रहालयाच्या तळ्यात राखलेला पक्षी. आपल्याकडे ठाण्याच्या खाडीत ते हजारांनी उतरतात, कोणी न आणता. ऐरोलीहून बोटीने गेलात की भरती-ओहोटीच्या हिशोबाने ते चिखलावर चरताना दिसतात. छोटा रोहित जवळून बघितलाय का कधी? मान खाली, चोच उलटी, पाण्यात डावीकडून उजवीकडे अशी फिरवत राहतो आणि त्यातून शेवाळ गाळून घेतो. तो गुलाबी रंग त्या शेवाळातून आलेला. २०१५ साली खाडीचा हा भाग अभयारण्य झाला, २०२२ मध्ये जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. हे आपण रोज कोपरखैरणे-ऐरोलीच्या ट्रॅफिकमध्ये बसून बाजूला टाकून जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणजे साधा प्राणी कुठला आणि नवलाचा कुठला, हे तुम्ही कुठे वाढलात त्यावर ठरतं. मी लहान असताना मला नीट, चारी बाजूंनी फिरून बघता आलेला पहिला हत्तीसुद्धा दगडाचा होता. राणीच्या बागेला लागून जे भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे ना, त्याच्या आवारातला, घारापुरीहून आणलेला. बाबांनी त्याच्या सोंडेपाशी उभं करून फोटो काढला होता.

भाच्याचा किस्सा आमच्या ग्रुपवर टाकला तर लगेच उत्तरं आली, "मग आणा की जिराफ इथे! नवी मुंबईत जागा काय कमी आहे?" माझं म्हणणं इथेच वेगळं आहे. मला जिराफ बघायचाय, फार वर्षांपासून बघायचाय. पण बघायच्या प्राण्यांच्या माझ्या यादीतली एक ओळ खोडली जावी म्हणून त्याला इथे आणू नये.

पेंग्विन मला आवडतात, हे आधी सांगते. पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचा पक्षी हा, तिथे थंड पाण्याचा प्रवाह वाहतो. भायखळ्याच्या उकाड्यात त्याच्यासाठी रात्रंदिवस गार खोली राखावी लागते. १५ ऑगस्ट २०१८ ला तिथे पहिलं पिल्लू जन्मलं. मी ऑफिसात पेढे वाटले होते. आठवडाभरात ते गेलं. कोणाला दोष देत नाही मी, त्या पक्ष्यांसाठी तिथली माणसं किती राबतात ते मी पाहते. फक्त एखादा प्राणी इतक्या लांब आणला की काय काय अंगावर घ्यावं लागतं, ते त्या आठवड्यात मला कळलं.

आणि कांगारू. २०२२ च्या एप्रिलमध्ये पश्चिम बंगालमध्ये, जलपायगुडीच्या बाजूला, रस्त्यावर कांगारू सापडले होते, आठवतंय? चोरट्या व्यापारातले. पार खंगलेले, रात्रीच्या अंधारात गाड्यांच्या उजेडात दिशा न कळून उभे. तो व्हिडिओ मी एकदाच बघितला, दुसऱ्यांदा बघवला नाही. कोणाला तरी कांगारू हवा होता, म्हणूनच ते तिथवर आले होते. त्या दिवशी माझ्या यादीतला कांगारू मी खाली, अगदी शेवटी सरकवला.

जिराफाच्या बाबतीत हवेचं कारण मी पुढे करणार नाही. कोलकात्यात अलिपूरच्या प्राणिसंग्रहालयात जिराफ राहतात, तिथली हवा काही आपल्यापेक्षा कोरडी नाही. प्रश्न जागेचा आहे. अठरा फुटांपर्यंत वाढणारा, कळपात राहणारा प्राणी. राणीची बाग पन्नासएक एकरांची, त्यात गोरखचिंचेसारखी जुनी झाडं. ती तोडून जिराफाला अंगण करून द्यायचं? मला नाही पटत.

शिवाय "बघितला" कशाला म्हणायचं, यावर मी हट्टी आहे. राणीच्या बागेतल्या तरसाचंच घ्या. पहिल्या दोन खेपांना मला दिसली ती झोपलेली पाठ. मी ती धरली नाही. तिसऱ्या खेपेला बंद व्हायची वेळ झाली, शिट्ट्या वाजायला लागल्या, लोक पांगले, आणि ते उठलं. पुढचे पाय उंच, मागचे आखूड, त्यामुळे सतत चढण चढत असल्यासारखी चाल. काचेपासून चार हातांवर येऊन थांबलं. मानेवरची आयाळ वाऱ्याने हलत होती, कान माझ्याकडे वळलेले होते. पट्टे काळे-करडे, पायांवर आडवे. एवढं झाल्यावर मी वहीत लिहिलं, तरस, पाहिलं.

तर डिसेंबरात म्हैसूरला जायचं ठरवलंय, भाच्याला घेऊन. १८९२ पासूनचं प्राणिसंग्रहालय आहे, जिराफांना तिथे बऱ्याच वर्षांची वस्ती आहे. जर्मनीहून २०२१ मध्ये आलेले गोरिलाही आहेत, पण ते नंतर. मंगळवारी बंद असतं, म्हणून बुधवार-गुरुवार दोन्ही दिवस ठेवलेत, घाई नको. एक दिवस फक्त जिराफापाशी. त्याची जीभ काळी-निळी असते आणि हातभर लांब, एवढं वाचून माहितीय. फांदीवरचं पान ती जीभ कशी गुंडाळून ओढते, ते मला बघायचंय. भाच्याने स्वतःची वही केलीये. पहिल्या पानावर नुसतं "जिराफ" लिहून पुढे जागा सोडलीये.

तुम्ही कोणी हल्ली म्हैसूरला गेला असाल तर सांगा, जिराफांना चारा सकाळी किती वाजता टाकतात?