सर्वांत महाग, सर्वांत घट्ट, सर्वांत लवकर: इंजिन ऑइलच्या एका सल्ल्याचा प्रतिवाद

गाडी घेतलेल्या जवळपास प्रत्येकाच्या मोबाइलवर हा सल्ला कधी ना कधी येऊन गेलेला असतो. त्याचा सारांश असा: ‘इंजिन तीन लाख किलोमीटर चालवायचं असेल तर स्वस्त ऑइलच्या वाटेला जाऊ नका. सर्वांत महागडं फुल सिंथेटिकच घाला. शक्य तितकं घट्ट घ्या. काळं पडलं की बदला, नाहीतर दर 3000 किलोमीटरला बदला. एका कंपनीच्या ऑइलमध्ये दुसऱ्या कंपनीचं मिसळू नका. आणि वरून अ‍ॅडिटिव्हची (ऑइलमध्ये मिसळायच्या जादा रसायनांची) एक बाटली टाका.’

पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण या सल्ल्यामुळे लोक नको तिथे पैसे घालतात आणि ज्यानं इंजिन खरोखर टिकतं तिकडे दुर्लक्ष करतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘सर्वांत महाग ते सर्वांत चांगलं.’ डब्याची पुढची बाजू जाहिरातीची असते. कामाचा मजकूर मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत असतो: एसएई ग्रेड (ऑइल किती घट्ट ते सांगणारा, जसा 5W-30), एपीआय या अमेरिकी संस्थेचा दर्जा, काही डब्यांवर एसीईए या युरोपातल्या वाहन कंपन्यांच्या संघटनेचा वर्ग आणि गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या मान्यतेचा क्रमांक. एपीआयचा एसपी हा दर्जा 2020 मध्ये आला. त्यासाठी ऑइलला प्रत्यक्ष इंजिनांवरच्या चाचण्या पार कराव्या लागतात. झीज किती होते, गाळ किती साचतो, ऑइल तापून किती घट्ट होतं, टायमिंग चेन किती ताणली जाते, टर्बो इंजिनात मिश्रण वेळेआधीच पेट घेतं का, हे सगळं त्यात पाहिलं जातं. या कसोट्या साध्या डब्यालाही पार कराव्या लागतात आणि चकचकीत डब्यालाही. महाग ऑइल काही बाबतींत त्यापुढे जात असेल, नाही असं नाही. पण तुमच्या इंजिनाला जे हवं आहे ते मधल्या किमतीच्या डब्यातही मिळतं.

‘फुल सिंथेटिक’, म्हणजे शब्दशः पूर्ण कृत्रिम, या शब्दाचा अर्थसुद्धा सगळीकडे एक नाही. खनिज तेलावर हायड्रोजनची जोरदार प्रक्रिया करून जे बेस ऑइल (ज्यात रसायनं मिसळून इंजिन ऑइल बनतं ते मूळ तेल) मिळतं त्याला ग्रुप 3 म्हणतात. ते सिंथेटिक म्हणून विकता येईल का, यावर अमेरिकेत दोन मोठ्या कंपन्यांचा वाद झाला, आणि 1999 मध्ये जाहिरातींच्या तक्रारी पाहणाऱ्या मंडळानं ‘विकता येईल’ असा कौल दिला. जर्मनीत मात्र ‘पूर्ण सिंथेटिक’ या शब्दाचा अर्थ बराच काटेकोर आहे. म्हणजे तोच माल एका देशात ज्या नावानं विकता येतो, त्या नावानं दुसऱ्या देशात विकता येत नाही. शब्दावर पैसे मोजण्याआधी हे माहीत असावं.

सिंथेटिकचे फायदे खरे आहेत. कडाक्याच्या थंडीत ते वाहतं राहतं, टर्बोच्या उष्णतेत लवकर करपत नाही, लांब अंतराला बदललं तरी तग धरतं. मॅन्युअलमध्ये सिंथेटिक सांगितलं असेल तर तेच घालायचं, तिथे काटकसर नको. तसं सांगितलेलं नसेल आणि ऑइल वेळेवर बदलत असाल, तर महागड्या डब्यानं इंजिनाच्या आयुष्यात फारशी भर पडत नाही.

उलट महाग ऑइल चुकीचंही ठरू शकतं. डिझेल गाडीत काजळी अडवणारा डीपीएफ असेल तर कमी राख सोडणारं ऑइल लागतं, उदाहरणार्थ एसीईए सी3. अशा गाडीत भरपूर राख सोडणारं महागडं ए3/बी4 घातलंत तर फिल्टर लवकर तुंबतो, कारण काजळी जाळून टाकता येते पण राख जळत नाही, ती साचत राहते. मोटरसायकलचंही तसंच. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. घर्षण कमी करणारं कारचं उंची ऑइल तिथे घातलं तर क्लच प्लेटा घसरू शकतात. तिथे डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए2’ हा मोटरसायकल ऑइलचा जपानी दर्जा हवा.

स्वस्ताचाही सापळा आहे, तोही सांगायला हवा. काही डब्यांवर फार जुना दर्जा छापलेला असतो. 1988 नंतर बनलेल्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना एसएफ हा जुना दर्जा योग्य नाही, असं एपीआय स्वतःच सांगतं. ‘अमुक गाडीसाठी उपयुक्त’ हे विकणाऱ्याचं म्हणणं असतं. परवाना वेगळा. परवाना मिळालेल्या ऑइलवर एपीआयचं गोल चिन्ह असतं आणि एपीआयच्या संकेतस्थळावरच्या यादीत ते नाव शोधता येतं. मी नवं ऑइल घेण्याआधी ते पाच मिनिटं शोधतो. बनावट डब्यांचा धोका तर महागड्या, खपणाऱ्या ब्रँडलाच जास्त, कारण नक्कल करण्यात फायदा तिथेच असतो.

‘जितकं घट्ट तितकं संरक्षण.’ या सल्ल्यातला सर्वांत घातक भाग हाच, आणि तो पटकन पटतो म्हणूनच घातक. बोटांत धरल्यावर घट्ट ऑइल भरभक्कम वाटतं. पण क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या जोरावर फिरणारी इंजिनाची मुख्य दांडी) आणि तिच्या बेअरिंगमध्ये मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढीच फट असते, आणि त्या फटीतून ऑइल सतत वाहत राहावं लागतं. अमुक घट्टपणाच्या ऑइलचा थर तिथे टिकेल, हा हिशेब धरूनच ती फट ठेवलेली असते.

5W-30 मधला W थंडीसाठी आहे, आणि 30 हा आकडा 100 अंश सेल्सिअसला ऑइल किती घट्ट राहतं ते सांगतो: 9.3 ते 12.5 सेंटिस्टोक (घट्टपणा मोजण्याचं एकक). तेच ऑइल 40 अंशांना साधारण 60 च्या आसपास असतं. सकाळी इंजिन याहूनही थंड असतं, तेव्हा ते आणखी घट्ट. म्हणजे ज्याला आपण पातळ म्हणून नावं ठेवतो तेही सुरू करताना गरजेपेक्षा कितीतरी पट घट्टच असतं. 15W-40 तर 40 अंशांनाच शंभराच्या पुढे जातं. झिजेचा मोठा वाटा इंजिन थंड असताना आणि ते तापेपर्यंतच्या काळात असतो. अशा वेळी घट्ट ऑइलमुळे पंपाचा दाब वाढतो, जादा दाब सोडणारी झडप उघडते आणि काही ऑइल बेअरिंगकडे जाण्याऐवजी मागे वळतं. प्रेशर चांगलं दिसतं, म्हणून सगळं ठीक आहे असा समज होतो. आजच्या इंजिनांत व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणाही ऑइलच्या दाबावर, बारीक वाटांमधून चालते. ती अमुक ग्रेड धरूनच बनवलेली असते.

मग घट्ट ऑइल कधीच नको का? मॅन्युअलमध्ये बऱ्याचदा हवामानानुसार दोन-तीन ग्रेड दिलेले असतात. गाडी बरीच चाललेली असेल, ऑइल खाऊ लागली असेल, तर त्यांतला घट्ट ग्रेड निवडणं शहाणपणाचं आहे. त्या तक्त्याबाहेर जाऊ नये, एवढंच.

‘काळं झालं की खराब.’ ऑइलमध्ये डिटर्जंट आणि काजळी तरंगत ठेवणारी रसायनं मुद्दाम घातलेली असतात. घाण पिस्टन रिंगांत न बसता ऑइलमध्ये राहावी, हेच त्यांचं काम. डिझेल गाडीत नवं ऑइल काही शे किलोमीटरमध्येच काळं होतं, तेव्हा ते आपलं काम करत असतं. ऑइल संपतं ते वेगळ्या कारणांनी. उष्णतेनं त्याचं ऑक्सिडेशन होतं, आम्ल मारणारा साठा संपत जातो, न जळलेलं इंधन आणि पाणी त्यात उतरतं. यातलं काहीही रंगावरून ओळखता येत नाही.

3000 हा आकडा बहुधा अमेरिकेतल्या जुन्या 3000 मैलांच्या सवयीवरून आला असावा. तेव्हाची ऑइलं आणि इंजिनं वेगळी होती. आज मॅन्युअलमध्ये दिलेलं अंतर धरावं आणि त्यासोबत दिलेला महिन्यांचा हिशेबही पाळावा. ज्यांची गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच धावते त्यांनी याकडे जास्त लक्ष द्यायला हवं. अशा फेऱ्यांत ऑइल पुरेसं तापत नाही, पाणी उडून जात नाही आणि अंतर कमी दिसत असूनही ऑइल लवकर नासतं. अशा वापरासाठी बऱ्याच मॅन्युअलमध्ये कमी अंतराचं वेगळं वेळापत्रक असतं. ते वाचा.

‘दोन कंपन्यांचं मिसळू नका.’ एपीआय परवाना असलेली ऑइलं एकमेकांत मिसळतात की नाही, याचीही चाचणी असते. ग्रेड आणि दर्जा जुळत असेल तर टॉप-अपला दुसऱ्या कंपनीचं ऑइल बिनधास्त चालतं.

अ‍ॅडिटिव्हच्या बाटलीबद्दल थोडक्यात. ऑइलमध्ये ही रसायनं मोजून मापून घातलेली असतात. वरून आणखी ओतलं की तो तोल बिघडतो. झीज रोखणाऱ्या फॉस्फरसचंच उदाहरण घ्या. तो जास्त झाला तर धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला अपाय होतो, म्हणून नव्या पातळ ग्रेडमध्ये त्याच्यावर 0.08 टक्क्यांची मर्यादा आहे. ते पैसे चांगल्या फिल्टरवर घाला.

या सल्ल्यात डिपस्टिकचा, म्हणजे इंजिनातलं ऑइल किती आहे ते मोजायच्या पट्टीचा, उल्लेखच नाही, आणि याचं मला सर्वांत वाईट वाटतं. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी सर्वांत महाग ऑइल भरलं आणि ‘एवढ्या किमतीचं आहे, टिकेल’ म्हणून बदलण्याची वेळ दुप्पट लांबवली. इंजिन थोडं थोडं ऑइल खात होतं. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. बेअरिंग गेलं, इंजिन खोलावं लागलं. ऑइल उत्तम होतं, फक्त ते इंजिनात पुरेसं उरलं नव्हतं. किंमत परवडत नसली की माणूस ऑइल बदलायचं पुढे ढकलतो आणि टॉप-अपही टाळतो. म्हणूनच परवडणारं ऑइल घ्या असं मी म्हणतो.

महिन्यातून एकदा, आणि लांबच्या प्रवासाआधी, गाडी सपाट जागी उभी करा. इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा. डिपस्टिक पुसून पुन्हा आत घाला आणि मग पाहा. बऱ्याच कारमध्ये दोन खुणांमधलं अंतर साधारण एक लिटरचं असतं. ऑइल खालच्या खुणेजवळ दिसलं तर मॅन्युअलमधल्या ग्रेडचं अर्धा लिटर आजच घाला आणि पुन्हा मोजा. वरच्या खुणेपुढे भरू नका, कारण फिरत्या क्रँकशाफ्टनं ते घुसळलं जाऊन त्याचा फेस होतो. किती घातलं आणि तेव्हा मीटर कितीवर होता, हे लिहून ठेवा. गाडी किती ऑइल खाते ते त्या दोन आकड्यांवरूनच कळतं.