नवी बॅटरी टाकूनही चालू न होणारी मारुती ८०० : तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार ताई,

आमच्या गॅरेजबद्दलचा तुमचा एक स्टारचा अभिप्राय वाचला. तुम्ही लिहिलंय की बाबांच्या १९९२ च्या मारुती ८०० ला बाहेरून नवी बॅटरी बसवून झाली होती, तरी आम्ही गाडी तीन दिवस ठेवून घेतली, ३,५६० रुपये घेतले, अंदाजाने एकेक पार्ट बदलत गेलो, आणि एवढं करून चौथ्या दिवशी सकाळी गाडी पुन्हा चालू झाली नाही. चौथ्या दिवसाची गोष्ट खरी आहे आणि ती चूक आमची आहे. अंदाजाने काम केल्याचा आरोप मात्र बिलातल्या एका कामाला लागू पडतो, बाकीच्यांना नाही. तुम्ही पुण्यात, काका (म्हणजे तुमचे बाबा) आणि गाडी रत्नागिरीत, त्यामुळे गाडीपाशी उभं राहून दाखवता आलं नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आधी बॅटरी. नवी बॅटरी चांगलीच होती. गाडी बंद असताना १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण चार्ज. पण सेल्फ मारला की इंजिन जड फिरायचं, जणू बॅटरी उतरली आहे. काकांनी आम्हाला एक महत्त्वाची गोष्ट सांगितली होती: धक्का मारला की गाडी चालू होते. दोष कुठे शोधायचा ते तिथेच कळलं. धक्क्यावर सेल्फ करंट ओढत नाही, त्यामुळे कॉइलला (प्लगच्या ठिणगीसाठी मोठा व्होल्टेज बनवणाऱ्या भागाला) बॅटरीचा पूर्ण व्होल्टेज मिळतो. सेल्फवर मिळत नसेल, तर बॅटरी आणि सेल्फ यांच्यामधल्या वायरिंगमध्ये कुठेतरी गळती आहे, म्हणजे व्होल्टेज वाटेतच कमी होतोय.

ती मोजायला दोन मिनिटं लागतात. मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस खांबावर धरायची (वायरच्या टर्मिनलवर, म्हणजे क्लँपवर नाही, खांबावर), दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि सेल्फ मारायचा. अर्धा व्होल्टसुद्धा जास्त समजायचा. तुमच्या गाडीत २.४ व्होल्ट आले. त्याच वेळी बॅटरीच्या दोन खांबांमध्ये ११.३ व्होल्ट होते, म्हणजे सेल्फला आणि कॉइलला ८.९ च पोचत होते. इंजिनला येणारी अर्थची पट्टी (इंजिनमधून करंट बॅटरीच्या मायनसकडे परत नेणारी) वरून ठीक दिसत होती. नट काढून पट्टी वाकवली तर आतल्या तांब्याच्या तारा हिरव्या पडून हातात भुग्यासारख्या आल्या. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत हे हमखास होतं. आणखी एक खूण होती. सेल्फ मारल्यावर चोकच्या केबलचं वेष्टण हाताला गरम लागत होतं, कारण अर्थला वाट मिळेना तेव्हा करंट चोकच्या केबलमधून परतत होता. असं चालत राहिलं तर एक दिवस ती केबल जळते.

नवी पट्टी टाकून, बसायची जागा पॉलिश पेपरने धातूपर्यंत घासल्यावर गळती ०.१५ व्होल्टवर आली. काकांना आम्ही मीटर दाखवला तेव्हा त्यांनी विचारलं, "मग बॅटरीचा आकडा ११.३ वरून १०.४ वर का उतरला?" प्रश्न रास्त होता. आता सेल्फ खरोखर पूर्ण करंट ओढत होता, म्हणून आकडा उतरला. इंजिन जोरात फिरत असेल आणि आकडा ९.६ च्या खाली जात नसेल तर बॅटरीला दोष नाही. जुनी बॅटरी काढण्याआधी कुणी ही एक मोजणी केली असती तर कदाचित नवी घ्यावीच लागली नसती. जुनी बॅटरी आम्ही पाहिलेली नाही, त्यामुळे त्यापुढे काही म्हणणार नाही.

सेल्फ नीट झाला, तरी गाडी लगेच चालू झाली नाही. प्लगला करंट, म्हणजे ठिणगी, येत होता, पण पिवळट आणि बारीक. चांगला करंट निळसर असतो आणि त्याचा टिक-टिक आवाज येतो. डेल्कोची (प्रत्येक प्लगला आळीपाळीने करंट वाटणाऱ्या भागाची) कॅप काढली. आतल्या पॉइंटची (उघडझाप करून ठिणगी पाडायला लावणाऱ्या दोन टोकांची) गॅप फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) ०.२ मिलिमीटर भरली. ती ०.४ ते ०.५ पाहिजे. पॉइंटची फायबरची टाच झिजली की गॅप मिटत जाते, करंट कमजोर होतो आणि टायमिंगही मागे पडतं. एका टोकावर खड्डा आणि समोरच्या टोकावर तेवढाच उंचवटा होता. असं दिसलं की कंडेन्सरवर (पॉइंटची टोकं जळू न देणाऱ्या भागावर) संशय घ्यायचा, म्हणून पॉइंट आणि कंडेन्सर जोडीनेच बदलले. घासून तात्पुरतं चाललं असतं, पण टाच झिजलेली असल्यामुळे गॅप महिनाभरात पुन्हा मिटली असती.

कॅपबद्दल तुम्ही "कॅप तर फुटलेली नव्हती" असं लिहिलंय. बरोबर, ती फुटलेली नव्हती. पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या टोकांमध्ये आतल्या बाजूने पेन्सिलीने ओढावी तशी एक बारीक काळी रेघ होती. कॅप कोरडी असताना गाडी चालते. जुलैतल्या दमट सकाळी करंट प्लगकडे न जाता त्या रेघेवरून पळतो. शटर ओढून अंधार केला, कॅपवर पाण्याची वाफ सोडली आणि सेल्फ मारला, तेव्हा निळी ठिणगी आत सरपटताना काकांनी स्वतः पाहिली. अशी रेघ घासून जात नाही, कॅप बदलावीच लागते. कॅपखाली फिरणाऱ्या रोटरच्या टोकालाही जळका थर होता. काढलेली कॅप, रोटर, पॉइंट आणि अर्थपट्टी, सगळं पिशवीत घालून डिकीत ठेवलेलं आहे. काकांना सांगून रेघेचा फोटो मागवून बघा.

तीन प्लग भिजलेले आणि काजळलेले होते. साफ करून वापरता आले असते, पण टोकं गोल झाली होती, म्हणून ०.८ गॅप ठेवून नवे टाकले. हे काम घाईचं नव्हतं, हे मान्य.

आता कार्ब्युरेटर. इथे तुमचं म्हणणं बरोबर आहे.

करंट नीट झाल्यावरही पहिल्या सेल्फला गाडी दम धरत नव्हती. कार्ब्युरेटर उघडला तर फ्लोटच्या वाटीत (पेट्रोल साठतं त्या छोट्या कप्प्यात) पेट्रोल जेमतेम तळाला. वाटीत पेट्रोल सोडणाऱ्या नीडल व्हॉल्व्हला चिकट तपकिरी थर होता. व्हॉल्व्ह चिकटल्यामुळे पेट्रोल येत नाही असा निष्कर्ष काढला, किट (कार्ब्युरेटरच्या नव्या सुट्या भागांचा संच) टाकली, वाटी हाताने भरली आणि गाडी अर्ध्या सेल्फला चालू झाली. त्या संध्याकाळी पाच-सहा वेळा बंद-चालू करून पाहिली, दर वेळी चालू झाली, म्हणून गाडी दिली. इथेच चुकलो. वाटी भरलेली, पाइप भरलेला आणि इंजिन गरम असताना ती चालू होणारच होती. दोष होता तो गाडी रात्रभर उभी राहिल्यावर दिसणारा. किट टाकण्याआधी पेट्रोल वाटीपर्यंत का पोचत नाही हे तपासायला हवं होतं, आणि ते न तपासताच आम्ही वाटीला दोष दिला.

रविवारी घरी येऊन तपासलं तेव्हा खरं कारण सापडलं. टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या इंजिनवरच्या पंपाच्या इनलेटची नळी काढून तिथे एक छोटा पाइप जोडला, त्याचं दुसरं टोक पेट्रोलच्या बाटलीत सोडलं, कॉइलची वायर काढून ठेवली म्हणजे ठिणगी पडणार नाही, आणि सेल्फ मारला. पंपाने आउटलेटमधून दणकट पिचकाऱ्या मारल्या. म्हणजे इंजिनवरचा पंप चांगला, आणि गडबड टाकी ते पंप या वाटेवर. टाकीजवळ लोखंडी पाइपला जोडणारी रबरी नळी बाहेरून धड होती. क्लिप सरकवून ती वाकवली तर क्लिपखालच्या जागेत, चिखल वाळल्यावर पडतात तशा भेगा उघडल्या.

ही नळी पंपाच्या ओढीच्या बाजूला आहे. त्यामुळे तिच्यातून पेट्रोल ठिबकत नाही, हवा आत जाते. जमिनीवर डाग नाही, वास नाही, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. गाडी उभी राहिली की पाइपमधलं पेट्रोल टाकीकडे उतरतं, वाटीतलं थोडं थोडं उडून जातं. सकाळी सेल्फवर पंप हळू चालतो आणि पेट्रोलऐवजी हवा ओढत बसतो. इंजिन एकदा चालू झालं की पंप जोरात चालतो आणि तेवढी हवा पचवतो, म्हणून रस्त्यावर गाडी कुरकुरत नाही. आता पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या गाड्यांतल्या साध्या रबरी नळ्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. त्या आधी फुगतात, मग कडक होऊन भेगाळतात. कमी चालणाऱ्या जुन्या गाडीत टाकी ते कार्ब्युरेटर सगळ्या नळ्या एकदा बदलून घ्याव्यात, इथेनॉल चालेल अशा दर्जाच्या आणि स्क्रूच्या क्लिपा लावून. तारेने आवळू नयेत, तार रबर कापते.

तुमच्या गाडीच्या सगळ्या नळ्या रविवारीच बदलल्या, त्याचे पैसे घेतलेले नाहीत. नंतर गाडी दोन रात्री न हलवता उभी ठेवली आणि मंगळवारी सकाळी काकांनी थंड इंजिनवर चालू केली. दुसऱ्या सेल्फला चालू झाली.

बिल असं होतं: पॉइंट-कंडेन्सर ३४०, कॅप-रोटर ५२०, अर्थपट्टी २६०, प्लग ३६०, कार्ब्युरेटर किट ४८०, मजुरी १,६००. यातले किटचे ४८० आणि कार्ब्युरेटर उघडण्याच्या मजुरीचे ५०० असे ९८० रुपये काकांना परत दिले जातील. किट टाकण्याआधी फोन करायला हवा होता, तोही केला नाही, याबद्दल तुमची आणि काकांची माफी मागतो. यापुढे उभी राहून बिघडणारी गाडी आम्ही किमान एक रात्र थांबवून, थंड इंजिनवर चालू करूनच देऊ. अभिप्राय काढा असं आमचं म्हणणं नाही. चौथ्या दिवशी जे झालं ते त्यात खरंच लिहिलंय.

काकांसाठी दोन गोष्टी, फोनवर सांगाल तर बरं होईल. थंड गाडीला चोक पूर्ण ओढायचा, अ‍ॅक्सिलरेटरला हात... म्हणजे पाय लावायचा नाही, सेल्फ पाच ते दहा सेकंदांपेक्षा जास्त मारायचा नाही आणि मध्ये अर्धा मिनिट थांबायचं. काका दोन-चारदा अ‍ॅक्सिलरेटर दाबून मग सेल्फ मारतात, त्याने प्लग भिजतात. पेट्रोलचा वास आला तर चोक आत ढकलून, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरून सेल्फ मारायचा, म्हणजे आतलं जादा पेट्रोल निघून जातं.

आणि हजार किलोमीटर झाले की गाडी पॉइंटची गॅप तपासायला आणायला सांगा. नव्या पॉइंटची टाच सुरुवातीला लवकर झिजते. दहा मिनिटांचं काम आहे, त्याचे पैसे घेणार नाही.